‘आय ले नो क्लेम टू स्कॉलरशिप’ : यात शिष्यवृत्ती कुठेच नाही

प्रश्न थोडक्यात असा. भाषांतर विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याला परीक्षेत जुन्या वळणाच्या इंग्रजी प्रस्तावनेचा उतारा आला होता. त्यात लेखक स्वतःबद्दल म्हणतो, ‘आय ले नो क्लेम टू स्कॉलरशिप’. विद्यार्थ्याने लिहिलं, ‘मी कोणत्याही शिष्यवृत्तीवर दावा करत नाही.’ तपासणाऱ्या बाईंनी खाली लाल रेघ मारली, मार्क कापले, पण नेमकं काय चुकलं ते सांगितलं नाही. त्याचा दुसरा प्रश्न असा, की हा वाक्प्रचार नोकरीच्या अर्जात वापरला तर चालेल का, कारण तो ‘भारदस्त वाटतो’.

पहिल्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. इथे ‘स्कॉलरशिप’ म्हणजे विद्वत्ता, आणि ‘ले क्लेम टू’ म्हणजे एखादा गुण आपल्या अंगी आहे असं सांगणं. लेखक म्हणतोय, मी स्वतःला विद्वान म्हणवत नाही. पण विद्यार्थ्याची चूक अगदीच बिनडोक नाही, हेही सांगायला हवं. हा वाक्प्रचार मुळात मालमत्तेचाच. जमीन, वाडा, गादी, वारसा यांच्यावर हक्क सांगण्याचा. ‘क्लेम’ दिसला की माणसाला पैसा आठवणारच. आपल्याकडे तर मेडिक्लेमपासून प्रवासभत्त्यापर्यंत ‘क्लेम टाकला का?’ हेच ऐकू येतं. म्हणून त्याने ‘स्कॉलरशिप’चा पैशाचा अर्थ उचलला. एक शब्द चुकीचा ओळखला आणि दुसरा त्याला साथ द्यायला उभाच होता.

मी या वाक्प्रचाराला पहिल्यांदा भेटले ती कोर्टाच्या कागदांत. सव्वीस वर्षांपूर्वी भाषांतराचं काम सुरू केलं तेव्हा पुस्तकं कोण देणार? वकिलांच्या ऑफिसात खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं यांचं मराठी-इंग्रजी करायचे. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक टायपात येणारी जाहीर नोटीस तुम्ही पाहिली असेल. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाची मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत, तरी सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध, गहाण, दान, वारसा वगैरे असल्यास चौदा दिवसांचे आत कागदपत्रांसह कळवावे, अन्यथा तसा हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.’ ही नोटीस इंग्रजीत करताना माझ्या तोंडी ‘ले क्लेम टू’ बसला. पुढे पुस्तकांच्या कामात तोच वाक्प्रचार विद्वत्तेबद्दल, सौंदर्याबद्दल, निःपक्षपातीपणाबद्दल येऊ लागला तेव्हा मलाही दचकायला झालं होतं. सातबाऱ्यावरचं भांडण माणसाच्या स्वभावात कसं शिरलं?

शब्द जरा उघडून पाहू. ‘क्लेम’ लॅटिनमधल्या ‘क्लामारे’वरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘क्लामारे’ म्हणजे ओरडणं, हाक देणं. ‘एक्स्क्लेम’, ‘प्रोक्लेम’, ‘क्लॅमर’ ही त्याचीच भावंडं. म्हणजे क्लेम ही मुळात आरोळी, ‘हे माझं आहे!’ अशी चारचौघांत ठोकलेली. आता आपला ‘दावा’ पाहा. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्या कचेऱ्यांत आला, आणि त्याच्या अरबी धातूचाही अर्थ बोलावणं, हाक मारणं असाच आहे. ‘दुवा देणे’मधला दुवा त्याच धातूचा. म्हणजे देवाला मारली ती हाक दुवा झाली, आणि काझीपुढे मारली ती दावा. दोन्ही भाषांनी हक्काचा शब्द हाकेपासून घडवला, तोही एकमेकींना न विचारता. (गुरांना बांधायचं दावं मात्र यातलं नाही, ते संस्कृत ‘दामन्’वरून आलेलं. कोर्टात दावा लावून पंधरा वर्षं झालेल्या माणसाला दोन्ही एकच वाटत असतील, ती गोष्ट वेगळी.)

आणि ‘ले’? ‘ले’ म्हणजे ठेवणं, मांडणं. विधानसभेत कागदपत्रं ‘पटलावर ठेवली’ असं आपण म्हणतो, तिथे इंग्रजीत हेच क्रियापद असतं. तेव्हा ‘ले क्लेम टू’ म्हणजे आपली हाक, आपला हक्क सगळ्यांसमोर मांडणं. देवनागरीत ‘ले’ लिहिलं की मला हटकून आपलं ‘लेणं’ आठवतं, दागिने ले, कुंकू ले. व्युत्पत्तीशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण लक्षात ठेवायला युक्ती बरी आहे. हा वाक्प्रचार गुणांबद्दल येतो तेव्हा त्यात खरंच थोडं अंगावर लेण्याचं, मिरवण्याचं अंग असतं.

हक्क मांडला म्हणजे तो मिळाला असं मात्र नव्हे. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचं उदाहरण मी वर्गात नेहमी देते. १३२८ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स मुलगा न ठेवता वारला. एडवर्डची आई इझाबेला ही चार्ल्सची बहीण. त्या नात्याने एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि १३४० मध्ये ‘फ्रान्सचा राजा’ हे बिरुद लावूनही घेतलं. त्यातून शंभर वर्षांचं युद्ध झालं, एडवर्डला गादी काही मिळाली नाही. १५५८ मध्ये फ्रान्सच्या भूमीवरचं शेवटचं ठाणं कॅले हेही हातचं गेलं. तरी मधला थोडा काळ सोडला तर इंग्लंडचे राजे-राण्या १८०१ पर्यंत स्वतःला फ्रान्सचेही राजे म्हणवत राहिले! साडेचार शतकं नुसतं ‘लेड क्लेम’. या वाक्प्रचाराला शंकेचा जो वास येतो तो इथला. सांगणारा सांगतोय, खरं-खोटं अजून ठरायचं आहे.

आता मालमत्तेवरून गुणावर उडी कशी पडली? इंग्रजीने गुणालाही मिळकत मानलं, इतकंच. विद्वत्ता ही जणू जमीन. तिच्यावर कोण हक्क सांगू शकतो, कोण नाही. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, कारण मराठीत ‘अधिकार’ या शब्दाने नेमकं हेच केलं आहे. तहसीलदाराचा अधिकार वेगळा आणि ‘गाण्यात त्यांचा अधिकार मोठा’ यातला वेगळा. पहिला हुकमाचा, दुसरा योग्यतेचा. ‘अधिकारवाणीने बोलणं’, ‘अधिकारी पुरुष’, ‘तेवढा माझा अधिकार नाही’ हे सगळं आपण रोज बोलतो. हक्क आणि गुण यांना एकाच शब्दात बांधणारा पूल आपल्याकडे आधीच आहे. ‘ले क्लेम टू’ समोर आला की भाषांतरकाराचा हात आधी ‘दावा’कडे जातो. माझ्या मते तो आधी ‘अधिकार’कडे जायला हवा, निदान गुणांची गोष्ट असेल तेव्हा.

पण त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कोशात सापडत नाही. कोश सांगतो: हक्क सांगणे, दावा करणे. वाक्प्रचाराचा खरा रंग ठरतो तो त्याच्या आजूबाजूच्या चिमुकल्या शब्दांवरून. ‘नो’ आला की नम्रता. ‘कॅन’ आला की कौतुक. दोन्ही नसले, उघडंवाघडं क्रियापद आलं, की शंका, कधी टोमणा. तीन ठिकाणी मराठीला तीन वेगळी क्रियापदं लागतात. सगळीकडे ‘दावा’ ठोकला की तिन्ही रंग पुसले जातात आणि उरतो फक्त पोलीस ठाण्याचा सूर.

‘नो’चं प्रकरण सोपं. ‘आय ले नो क्लेम टू’ ही लिखित इंग्रजीतली हात जोडण्याची रीत. प्रस्तावनेत, भाषणाच्या सुरुवातीला, वादात उतरण्याआधी ती येते. आपल्याकडे त्याच जागी काय येतं ते आठवा. ‘मी काही यातला जाणकार नाही, पण...’, ‘माझा तेवढा अधिकार नाही’, ‘मी काय सांगावं, पण विचारलंत म्हणून...’. आपल्या संतांनी तर स्वतःला पामर म्हणून घेण्याची इतकी सवय लावून ठेवली आहे की मराठी माणसाला ही नम्रता शिकवावी लागत नाही. फरक एवढाच, की इंग्रजी माणूस नम्र होतानाही कायद्याची भाषा बोलतो: अमुक मिळकतीवर माझा हक्क नाही, नोंद घ्यावी. सिनेमाच्या आधी पडद्यावर येणारा ‘डिस्क्लेमर’ हा शब्दशः तोच, हक्क सोडून दिल्याचा कागद.

याच प्रकारात निर्जीव कर्ता येतो तेव्हा मात्र सांभाळावं लागतं. संदर्भसूचीच्या वर लिहिलेलं असतं, ‘धिस लिस्ट लेज नो क्लेम टू कम्प्लीटनेस’. याचं ‘ही यादी परिपूर्णतेचा दावा करत नाही’ असं भाषांतर मी छापील पुस्तकांत कितीदा वाचलंय. व्याकरण बरोबर, शब्द बरोबर, आणि तरीही यादीला तोंड फुटल्यासारखं वाटतं. मराठीत यादी बोलत नाही. ‘ही यादी परिपूर्ण आहे असे नाही’ किंवा ‘यादीत काही नावे राहून गेली असतील’. झालं. दुसरं वाक्य तर मूळ इंग्रजीपेक्षाही प्रामाणिक वाटतं मला.

आता ‘कॅन’. इथे मी स्वतः सपशेल आपटले आहे, म्हणून जरा रेंगाळते. एका पर्यटन पुस्तिकेचं काम होतं. किनाऱ्यावरच्या एका जुन्या बंदराबद्दल इंग्रजीत होतं, की हे बंदर ‘कॅन ले क्लेम टू बीइंग’ त्या भागातलं सगळ्यात जुनं. मी लिहिलं, ‘हे बंदर या भागातील सर्वात जुने असल्याचा दावा करते.’ पुस्तिका काढणाऱ्या गृहस्थांचा संध्याकाळी फोन. ‘बाई, दावा कुणी केलाय? प्रकरण कोर्टात आहे का?’ मी आधी वाद घातला, कोश दाखवला. मग फोन ठेवून वाक्य पुन्हा वाचलं आणि कान लाल झाले. इंग्रजी लेखक बंदराला मान देत होता: याने म्हटलं तर कुणाला नाही म्हणता येणार नाही. मी त्या मानाचं आरोपपत्र करून टाकलं होतं.

‘कॅन’ आला की लिहिणारा स्वतः हमी घेतो. पुढे ‘राइटली’, ‘जस्टली’ असे शब्द जोडले तर हमी आणखी पक्की. मराठीत अशा वेळी ‘मान’ हा शब्द फार उपयोगी पडतो. मुंबईचा शेअर बाजार घ्या. तो १८७५ मध्ये सुरू झाला, तोक्योचा १८७८ मध्ये. इंग्रजी मजकुरात मुंबईचा बाजार आशियातला सर्वात जुना असल्याचा ‘क्लेम ले’ करू शकतो, असं येणार. मराठीत: ‘आशियातला सर्वात जुना शेअर बाजार हा मान मुंबईचा.’ क्रियापदाचीसुद्धा गरज नाही. किंवा गोवा. भारतात छापखाना पहिल्यांदा उतरला तो १५५६ मध्ये गोव्यात. ‘भारतातल्या पहिल्या छापखान्याचा मान गोव्याकडे जातो’ असं कुणीही मराठी माणूस सहज म्हणेल. ‘गोवा दावा करू शकतो’ असं म्हटलं की पुढे ‘पण’ येणार असं वाटत राहतं.

‘कॅन ले क्लेम टू’ची एक खोड लक्षात ठेवा: त्याच्या मागे-पुढे एखादं बारकं विशेषण लपलेलं असतं आणि सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली. ती भारतातली पहिली रेल्वे का? नाही, मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहून नेणारा लोहमार्ग होता, आणि रुडकीजवळ कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये माती वाहायला इंजिन चाललं होतं. बोरीबंदर-ठाणे ही पहिली प्रवासी गाडी. तेव्हा ‘प्रवासी’ हा शब्द भाषांतरात गळला तर मान मद्रासला जातो आणि ठाणेकरांची पत्रं तुम्हाला येतात. अशी वाक्यं हाती आली की मी आधी विशेषणांभोवती पेन्सिलने गोल करते. क्रियापदाचं नंतर बघू.

तिसरा प्रकार, उघडं क्रियापद. ‘ही लेज क्लेम टू ग्रेट लर्निंग.’ यात लेखक हमी घेत नाही. उलट हात झटकतो. तो म्हणतोय बुवा! मराठीत याला ‘म्हणवून घेणे’सारखा दुसरा शब्द नाही. ‘तो स्वतःला मोठा विद्वान म्हणवून घेतो.’ ऐकणाऱ्याला कळतं, बोलणाऱ्याचं मत काय आहे. आणखी तिखट हवं तर ‘विद्वत्तेचा टेंभा मिरवतो’, ‘आव आणतो’. पण तेवढं तिखट मुळात असतंच असं नाही, तेव्हा मसाला टाकताना हात आखडता ठेवावा. ‘म्हणवणे’ची गंमत अशी, की तेही इंग्रजीसारखंच कूस बदलतं. ‘मी स्वतःला कवी म्हणवत नाही’ यात नम्रता. ‘तो स्वतःला कवी म्हणवतो’ यात खोच. आणि ‘कोल्हापूरकर म्हणवून घेताना छाती फुगते’ यात उघड अभिमान. म्हणून ‘दावा’ला जे जमत नाही ते ‘म्हणवणे’ला जमतं.

कोल्हापूरचं निघालंच आहे तर, दोघांनी एकाच गोष्टीवर हक्क सांगायचा असतो तेव्हा ‘दावा’ मात्र चपखल बसतो, तिथे उगाच सोवळं पाळू नये. रसगुल्ला बंगालचा की ओडिशाचा, हा वाद इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘बोथ ले क्लेम’ करतच रंगवला. पुढे बंगालच्या रसगुल्ल्याला २०१७ मध्ये आणि ओडिशाच्या रसगोल्याला २०१९ मध्ये स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये ते मिळालं तेव्हा महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांच्या जिल्ह्यांची नावं त्यात होती. सीमाभागाचा प्रश्न तर आपण लहानपणापासून ऐकतो. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्या ठिकाणी खरोखरच दोन पक्ष समोरासमोर आहेत. तिथे ‘बेळगाववर महाराष्ट्राचा दावा’ हे मराठी सरळ आणि बिनचूक. दावा म्हटलं की प्रतिवादी लागतो, ही माझी साधी कसोटी. समोर कुणी भांडायला उभा नसेल तर दुसरा शब्द शोधा.

व्याकरणाचं आता पटापट सांगते, कारण चुका ठरलेल्या आहेत. ‘क्लेम’च्या आधी ‘अ’ लागत नाही. पुढे ‘टू’ येतो, ‘ऑन’ नाही. आपण ‘जमिनीवर हक्क’ म्हणतो म्हणून हात ‘ऑन’कडे जातो, तो आवरायचा. या ‘टू’पुढे नाम येतं किंवा ‘बीइंग’सारखं रूप, ‘ले क्लेम टू बी द ओल्डेस्ट’ हे चूक, ‘टू बीइंग द ओल्डेस्ट’ हे बरोबर. भूतकाळ ‘लेड’. ‘लाय’, ‘ले’ आणि ‘लेन’ यांचा घोळ इंग्रजांच्या मुलांनाही चुकलेला नाही, तेव्हा आपण मनाला लावून घेऊ नये. पण ‘लाइड क्लेम’ लिहिलंत तर हक्क सांगण्याऐवजी थाप मारल्यासारखं दिसेल.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं, कारण ती आपल्याकडची आहे. निवडणुकीनंतर आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘स्टेक क्लेम टू फॉर्म गव्हर्नमेंट’ हे शब्द रोज दिसतात. २०१९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात सकाळ-संध्याकाळ हेच वाचत होतो, आणि मराठीत ‘सत्तास्थापनेचा दावा’. ‘स्टेक’ म्हणजे मेख, खुंटी. हा शब्दप्रयोग ‘ले क्लेम’चा चुलतभाऊ, पण दुसऱ्या घरातला. १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. ज्याने जमिनीचा तुकडा पसंत केला त्याने कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या, म्हणजे एवढ्यात खणायचा हक्क त्याचा. त्या तुकड्यालाच ‘क्लेम’ म्हणत. म्हणून इंग्लंड-अमेरिकेत ‘स्टेक अ क्लेम’ किंवा ‘स्टेक वन्स क्लेम’ असं म्हणतात. तुकडा मोजता येतो, तेव्हा ‘अ’ लागतो. ‘ले क्लेम’मधला क्लेम मोजता येत नाही, तो नुसता हक्क. आपल्या पत्रकारांनी ‘ले क्लेम’मधला बिन-‘अ’चा क्लेम उचलला आणि त्याला ‘स्टेक’ची खुंटी ठोकली. भारतीय इंग्रजीत ते आता रुळलंय, त्यावर नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. परदेशी परीक्षेत किंवा परदेशी संपादकाकडे लिहिताना मात्र ‘अ’ घाला. आणि अर्थातला फरकही ध्यानात असू द्या: खुंटी ठोकणारा घाईत असतो, दुसरा पोचायच्या आत त्याला जागा धरायची असते. राज्यपालांच्या दारात हा शब्द शोभतो. विद्वत्तेच्या बाबतीत ‘ले’च बरा.

‘क्लेम’ची बाकी रूपं वेगळी ठेवा. पुरात ‘क्लेम्ड लाइव्ज’ म्हणजे बळी घेतले. स्फोटाची ‘क्लेम्ड रिस्पॉन्सिबिलिटी’ म्हणजे जबाबदारी स्वीकारली. इथे ‘दावा’ टाकला तर अर्थच बदलतो. ‘क्लेम टू फेम’ म्हणजे ज्यामुळे नाव झालं ती गोष्ट. याचं ‘कीर्तीचा दावा’ असं केलेलं मी एका प्रूफात पाहिलं होतं, एका हलवायाबद्दल. त्याची कीर्ती बाकरवडीची होती, दाव्याची नव्हे.

आता नोकरीचा अर्ज. नका वापरू.

कारण वर आलंच आहे. अर्जात तुम्ही लिहिणार, ‘आय ले क्लेम टू गुड लीडरशिप क्वालिटीज’. प्रथम पुरुष, होकारार्थी, उघडं क्रियापद. तिन्ही प्रकारांतला सर्वात वाईट तोच. वाचणाऱ्याला दोन गोष्टी ऐकू येतात: एक, हा स्वतःची आरती ओवाळतोय, दोन, याला स्वतःलाच खात्री नाही, हक्क नुसता ‘सांगतोय’. शिवाय शब्द लेखी, जरा पोथीतला. अर्जाच्या साध्या वाक्यांत तो लग्नातल्या शेरवानीसारखा उठून दिसतो. नेतृत्व आहे असं सांगायचं असेल तर कुठे, किती माणसांचं, काय काम केलंत ते दोन ओळींत लिहा. हा वाक्प्रचार स्वतःबद्दल वापरायचा तर ‘नो’ घालून, आणि दुसऱ्याबद्दल वापरायचा तर ‘कॅन’ घालून. तुमच्या शिफारसपत्रात तुमच्या सरांनी लिहिलं, की ही मुलगी किंवा हा मुलगा ‘कॅन राइटली ले क्लेम टू’ अमुक, तर ते वाक्य सोन्याचं. तेच तुम्ही स्वतः लिहिलंत की पितळ.

मुलाखतीत तोंडी तर अजिबात नको. बोलण्यात हा शब्द इंग्रजही क्वचित आणतात, आणि आणला तर थोडं हसत. ‘स्वयंपाकघरातल्या पसाऱ्याचा मान माझा’ असं आपण म्हणू, तशा थाटात.

परत त्या उताऱ्याकडे. ‘आय ले नो क्लेम टू स्कॉलरशिप’. लेखक जुन्या वळणाचा, प्रस्तावना, नम्रतेची जागा. वर्गात मी मुलांना प्रत्येकी तीन-तीन वाक्यं लिहायला लावते, तशी इथे लिहिते. ‘मी काही विद्वान नव्हे.’ हे सगळ्यात छोटं. ‘नव्हे’मुळे जुनेपणही सांभाळलं जातं, पण मूळ वाक्यात जी थोडी औपचारिक ऐट आहे ती यात नाही. ‘स्वतःला विद्वान म्हणवण्याचा माझा अधिकार नाही.’ हे जवळ जातं, हक्काचा धागाही टिकतो. मात्र ‘अधिकार नाही’ म्हणताना माणूस मूळ लेखकापेक्षा एक पायरी खाली उतरतो. मूळ लेखक ‘मला हक्क नाही’ म्हणत नाही, ‘मी हक्क सांगत नाही’ म्हणतो. आत कुठेतरी त्याला वाटत असेलही, की सांगितला असता तर चाललं असतं. ही बारीक गुर्मी हवी असेल तर, ‘विद्वत्तेचा अधिकार मी सांगत नाही.’

परीक्षेत असते तर मी हे तिसरं लिहिलं असतं. पुस्तक छापायचं असतं तर संपादकाने पहिलं ठेवलं असतं, आणि मी चहाच्या दोन कपांपुरती भांडले असते.